वाचकांचे प्रश्न : ल्युकेमियाच्या उपचारानंतर मुलांची फुप्फुसे

मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचे, म्हणजे ल्युकेमियाचे, बहुसंख्य रुग्ण आज बरे होतात, असे या सदरात मागे लिहिले होते. त्यावर इंदूर आणि आसपासच्या पालकांची जी पत्रे आली, त्यांपैकी बऱ्याच पत्रांचा रोख एकच होता : आजार गेला, पण खोकला, दम आणि छातीबद्दलची धास्ती राहिली. त्यांतील चार पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा ९ वर्षांचा आहे. सहाव्या वर्षी त्याला ए.एल.एल. हा रक्ताचा कर्करोग झाला. सुरुवातीची केमोथेरपी मुंबईत आणि पुढचे मेन्टेनन्स, म्हणजे आजार परतू नये म्हणून दीर्घकाळ चालणारे औषध, इंदूरमध्ये झाले. गणपतीच्या सुमारास सगळी औषधे बंद झाली, त्याला आता पाच महिने होतील. गेले तीन आठवडे त्याला कोरडा खोकला आहे आणि जिना चढताना तो मध्येच थांबतो. जवळच्या दवाखान्यात ॲलर्जी सांगून सिरप आणि पाच दिवसांच्या स्टेरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत, त्या मी अजून सुरू केलेल्या नाहीत. सासूबाई म्हणतात की एवढ्या औषधांनी फुप्फुसे आतून भाजून निघाली असणार. मला मात्र आजार उलटला तर नाही ना, हीच भीती वाटते. सी.टी. स्कॅन करून घ्यावा का?
— एक आई, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ताई, स्टेरॉइडच्या गोळ्या तुम्ही सुरू केल्या नाहीत, हे फार चांगले झाले. ज्या मुलाला ल्युकेमिया होऊन गेला आहे, त्याला रक्ताचा काउंट आणि छातीचा एक्स-रे पाहिल्याशिवाय तोंडावाटे स्टेरॉइड देऊ नये. प्रेडनिसोलोन आणि डेक्सामेथासोन ही दम्याची औषधे आहेत, तशीच ती ल्युकेमियाचीही औषधे आहेत. आजार खरोखरच परतला असेल, तर पाच दिवसांच्या गोळ्यांनी गाठी लहान होतात, खोकला कमी होतो, सर्वांना बरे वाटते आणि निदान काही आठवडे पुढे ढकलले जाते. शिवाय त्या काळात केलेल्या तपासणीतूनही नीट उलगडा होत नाही. म्हणून रक्ताच्या काउंटची तपासणी, म्हणजे सी.बी.सी., आणि छातीचा साधा एक्स-रे आधी, बाकीचे नंतर. या दोन्ही गोष्टी एका सकाळी उरकतात. फवाऱ्यातून, म्हणजे इनहेलरमधून घेण्याच्या स्टेरॉइडला हा आक्षेप लागू नाही, कारण त्याची मात्रा फार थोडी असते.

एक्स-रेमध्ये दोन गोष्टी पाहायच्या असतात. छातीच्या मध्यभागी, हृदयाच्या वरच्या बाजूस सावली रुंद झाली आहे का, ही पहिली. ए.एल.एल.च्या टी-पेशींच्या प्रकारात तेथे गाठ वाढून श्वासनलिका दाबली जाऊ शकते. अशा मुलाला आडवे झाल्यावर दम लागतो, सकाळी चेहरा सुजलेला दिसतो आणि मानेच्या शिरा फुगतात. यांपैकी काही दिसत असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तुमच्या पत्रात असे काही नाही आणि नुसता कोरडा खोकला हे आजार उलटल्याचे नेहमीचे लक्षण नव्हे, हेही सांगायला हवे.

दुसरी गोष्ट म्हणजे क्षयरोग. आपल्या देशात दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला क्षयरोगाची तपासणी केल्याखेरीज सोडून द्यायचा नसतो, आणि ज्याची प्रतिकारशक्ती नुकतीच सावरत आहे अशा मुलाच्या बाबतीत तर मुळीच नाही. येथे एक अडचण असते. केमोथेरपीनंतरच्या काळात हातावरची क्षयाची मॉन्टू चाचणी खोटा दिलासा देऊ शकते, कारण त्वचेवर फोड उठायला जी प्रतिकारशक्ती लागते तीच कमी असते. चाचणी निगेटिव्ह आली म्हणजे क्षय नाही, असे समजू नये. एक्स-रेवर शंका आली तर बेडक्याची किंवा सकाळी उपाशीपोटी नळीने काढलेल्या जठरातील द्रवाची सी.बी.-नॅट ही क्षयाचे जंतू शोधणारी तपासणी करतात, आणि ती सरकारी क्षयरोग कार्यक्रमात विनामूल्य होते. घरात कुणाला, अगदी भांडी घासायला येणाऱ्या मावशींना किंवा रिक्षावाल्या काकांना, बरेच दिवस खोकला आहे का, हेही डॉक्टरांना सांगा.

या दोन शक्यता बाजूला झाल्या, की उरते ते बहुतेक वेळा साधेच असते. औषधे बंद झाल्यावर प्रतिकारशक्ती मूळपदावर यायला साधारण सहा महिने, काही मुलांना त्याहूनही अधिक काळ लागतो. याच काळात मूल पुन्हा शाळेत जाऊ लागते आणि वर्गातला प्रत्येक विषाणू घरी आणते. विषाणूचा संसर्ग गेल्यानंतरही कोरडा खोकला तीन-चार आठवडे राहतो, हे निरोगी मुलांतही घडते. जिन्यावर थांबण्याचे कारण वेगळेही असू शकते. अडीच वर्षे जे मूल धावलेले नाही, ज्याच्या मांड्यांचे स्नायू स्टेरॉइडने आणि व्हिन्क्रिस्टिन या केमोथेरपीच्या औषधाने अशक्त झाले आहेत, ते दमणारच. तो दम छातीचा की पायांचा, हे त्याला विचारले तर मुले बहुधा अचूक सांगतात. तिसरे कारण हृदयाचे. डॉनोरुबिसिन आणि डॉक्सोरुबिसिन ही लाल रंगाची औषधे हृदयाच्या स्नायूला दुर्बल करू शकतात. ए.एल.एल.मध्ये त्यांची एकूण मात्रा सहसा मर्यादित असते, तरीही दम लागणाऱ्या मुलाचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, व्हायलाच हवा. छातीचा डॉक्टर फुप्फुसे तपासत राहिला आणि दोष हृदयात निघाला, अशी उदाहरणे क्वचित का होईना, दिसतात.

आता सासूबाईंच्या म्हणण्याकडे येऊ. त्यांची शंका निराधार नाही, पण ती तुमच्या मुलाला फारशी लागू पडत नाही. फुप्फुसांवर कायमचे व्रण उमटवणारी म्हणून जी औषधे ओळखली जातात, त्यांत ब्लिओमायसिन, बुसल्फान आणि कारमुस्टिन यांची नावे पुढे असतात. त्यांच्या जोडीला छातीवर किंवा सर्वांगावर दिलेली किरणे येतात. ए.एल.एल.च्या नेहमीच्या उपचारक्रमात यांपैकी काहीच नसते. त्यात सायक्लोफॉस्फामाइड असते आणि ते क्वचित फुप्फुसाला इजा करते. त्यातल्याच मेथोट्रेक्सेट या औषधामुळे फुप्फुसाला सूज येऊ शकते, पण ती औषध चालू असताना किंवा थांबल्यावर थोड्याच आठवड्यांत येते. चार महिन्यांहून जास्त काळाने सुरू झालेल्या खोकल्याचा दोष मेथोट्रेक्सेटला देणे कठीण आहे. बरे झालेल्या मुलांची पुढे फुप्फुसक्षमता मोजली असता काहींमध्ये ती किंचित कमी आढळते, हे खरे. परंतु त्यांपैकी बहुतेकांना रोजच्या जगण्यात त्याची जाणीवही नसते.

सी.टी. स्कॅन आत्ताच नको. एक्स-रेमध्ये काही आढळले, ऑक्सिजन कमी दिसला किंवा खोकला आणखी दोन आठवड्यांत ओसरला नाही, तर त्याचा विचार डॉक्टर करतील. वाढत्या वयात अनावश्यक किरणे जेवढी टळतील तेवढी टाळावीत.

एक काम मात्र तुम्हीच करायचे आहे. मुंबईच्या रुग्णालयातून उपचारांचा सारांश मागवून घ्या. कोणते औषध, एकूण किती मात्रा, किरणे दिली का आणि कुठे, कोणते गंभीर संसर्ग झाले, एवढे एका कागदावर हवे. अवंतिका एक्स्प्रेसने रात्रभर सांभाळून आणलेली ती जाडजूड फाइल माझ्यासमोर अनेक पालकांनी ठेवली आहे. तिच्यात शेकडो रिपोर्ट असतात आणि नेमका हा कागद नसतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी १९९१ पासून स्वतंत्र क्लिनिक चालते, तेथे याच सारांशावर पुढची देखरेख ठरते. तुमचे उपचार अन्य कुठे झाले असतील तरी हा सारांश मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

प्रश्न : आमची मुलगी ६ वर्षांची असून तिचे मेन्टेनन्स चालू आहे. रोज ६-एम.पी. ही केमोथेरपीची गोळी, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि शनिवार-रविवार सेप्ट्रान. तिला ताप नाही, खोकला नाही. काही आजार नसताना सेप्ट्रान देत राहणे आवश्यक आहे का? ती बंद केल्यास चालेल का? दुसरे असे की रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, राजवाड्यावर पाहायला नेण्याचा तिने हट्ट धरला आहे.
— एक वडील, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : सेप्ट्रान बंद करू नका. ती आहे म्हणूनच खोकला नाही, असे म्हटले तरी चालेल.

न्यूमोसिस्टिस नावाची एक बुरशी असते. बहुतेक लोकांचा तिच्याशी लहानपणीच संबंध येतो आणि निरोगी माणसाला ती काही करत नाही. ल्युकेमियाचे औषध चालू असलेल्या मुलाला मात्र तिच्यामुळे जो न्यूमोनिया होतो, तो फार फसवा असतो. मूल भराभर श्वास घेते, ऑक्सिजन उतरतो, पण डॉक्टरांना स्टेथोस्कोपमधून छाती स्वच्छ ऐकू येते आणि पहिल्या दिवसाचा एक्स-रेही कधी कधी निर्दोष दिसतो. एके काळी ल्युकेमिया आटोक्यात आलेली मुले या न्यूमोनियाने दगावत असत. अमेरिकेतील मेम्फिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयात डॉ. वॉल्टर ह्यूज यांनी १६० रुग्णांवर केलेला अभ्यास १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधाचा आभास देणारी गोळी घेतलेल्या ८० जणांपैकी १७ जणांना हा न्यूमोनिया झाला, तर सेप्ट्रानमधील औषध, म्हणजे को-ट्रायमॉक्साझोल, घेतलेल्या ८० जणांपैकी एकालाही झाला नाही. वैद्यकशास्त्रात इतका स्वच्छ निकाल विरळा. पुढे ती रोज न देता आठवड्यातून दोन-तीन दिवस दिली तरी पुरते, असे दिसून आले, आणि तुमच्या शनिवार-रविवारचा उगम तेथे आहे. मेन्टेनन्स संपल्यानंतरही ती काही महिने चालू ठेवतात. तिच्यामुळे काउंट उतरत असेल किंवा अंगावर पुरळ येत असेल, तर दुसरी औषधे आहेत. पण तो बदल डॉक्टरांनी करायचा.

मेथोट्रेक्सेटविषयी दोन शब्द. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज दिले गेले तर तोंड सोलवटते, काउंट कोसळतो आणि जिवावर बेतू शकते. म्हणून वार ठरवून तो कॅलेंडरवर लिहा, आणि गोळ्या आजीच्या रोजच्या डब्यात ठेवू नका. हे औषध चालू असताना कोरडा खोकला, ताप आणि दम ही तिन्ही काही दिवसांच्या अंतराने आली, तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. मेथोट्रेक्सेटने फुप्फुसाला आलेली सूज आणि संसर्ग यांतला फरक घरी कळत नाही, रुग्णालयातही तो लगेच कळतोच असे नाही. त्यामुळे सुरुवातीला औषध थांबवून दोन्हींवर उपचार करावे लागतात. मेथोट्रेक्सेटची सूज वेळीच ओळखली तर बहुधा पूर्ण बरी होते.

घरात थर्मामीटर आणि पल्स ऑक्सिमीटर ठेवा. ताप १००.४ अंश फॅरनहाइट झाला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालयात न्या. ऑक्सिजन ९४ च्या खाली दिसला, किंवा ती शांत झोपलेली असताना मिनिटाला ३० पेक्षा जास्त श्वास मोजले गेले, तरीही तसेच करा. बसल्या जागी ऑक्सिजन ठीक असून खोलीत चार फेऱ्या मारल्यावर उतरत असेल, तर ती न्यूमोसिस्टिसची खूण असू शकते. आवाज अचानक घोगरा झाला किंवा श्वास आत घेताना घरघर येऊ लागली, तर तेही कळवा. व्हिन्क्रिस्टिनमुळे क्वचित स्वरयंत्राच्या नसा दुबळ्या होतात, आणि घरातले सगळे घसा बसला म्हणून हळद-दूध देत राहतात.

गेरीबद्दल उत्तर नाही असेच आहे. यंत्रांनी उंच उडवलेला गुलाल, पाण्याचे फवारे आणि लाखोंची गर्दी हे तिच्या फुप्फुसांसाठी यंदा योग्य नाही. टीव्हीवर गेर दाखवा, घरच्या गच्चीवर ओल्या रंगाने चार माणसांत खेळू द्या, आणि औषधे संपून प्रतिकारशक्ती सावरली की राजवाड्यावर खुशाल न्या. त्याहून मोठा धोका पालकांच्या लक्षात येत नाही, तो घरातच असतो. आपल्या माळव्यात मार्च संपता संपता कूलर बाहेर निघतात. वर्षभर गच्चीवर पडलेल्या ताट्यांत धूळ साचते, त्या ओल्या झाल्या की बुरशी धरते, आणि पंखा ती थेट पलंगावर सोडतो. कूलर वापरायचाच असेल तर ताट्या नव्या घाला, टाकी दर दोन-तीन दिवसांनी रिकामी करून घासा, आणि पहिले काही तास मुलगी खोलीत नसताना चालवा. जुनी भिंत पाडणे, फरशी उकरणे, दिवाळीआधीची खरवडून केलेली रंगरंगोटी, ही कामे तिला नातेवाइकांकडे पाठवून करा, कारण ॲस्परजिलस बुरशीचे कण अशा धुळीतून येतात. उदबत्ती, धूप आणि डासांची कॉइल बंद ठेवली तर देव रागावत नाही. विडी-सिगारेट ओढणारे कोणी घरात असेल, तर त्यांनी गॅलरीत जाऊन ओढणे पुरेसे नाही, ती सोडावी.

घरातल्या सर्वांनी दरवर्षी इन्फ्लुएन्झाची लस टोचून घ्यावी. तिच्या लहान भावंडाला पोलिओचे थेंब पाजू नका, त्याऐवजी पोलिओची टोचायची लस द्या. तिच्या स्वतःच्या गोवर आणि कांजिण्यांच्या लसी औषधे संपल्यावर साधारण सहा महिन्यांनी, डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात.

प्रश्न : माझी नात १४ वर्षांची आहे. तिचा ल्युकेमिया दुसऱ्यांदा उलटल्यामुळे दीड वर्षापूर्वी तिच्या भावाचा बोन मॅरो घेऊन ट्रान्सप्लान्ट केला. आता आजार नाही. पण दोन-तीन महिन्यांपासून तिला चालताना दम लागतो, डोळे कोरडे पडतात. एक्स-रे दोनदा काढला, दोन्ही वेळा नॉर्मल आला. दमा असावा म्हणून पंप दिला आहे, फरक नाही.
— एक आजोबा, रामबाग, इंदूर

उत्तर : काका, या महिन्यातल्या पत्रांपैकी तुमच्या पत्राने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले. तिला या आठवड्यातच ट्रान्सप्लान्ट केलेल्या डॉक्टरांकडे न्या आणि स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी, करून घ्या.

दुसऱ्याच्या बोन मॅरोतून आलेल्या पेशी काही रुग्णांत यजमानाच्या शरीरालाच परके समजतात. त्वचा, डोळे, तोंड आणि यकृतावर त्यांचा रोख असतो, तसा तो फुप्फुसांतील अगदी बारीक श्वासनलिकांवरही असतो. त्या नलिका आतून सुजतात, मग तेथे व्रणाचे तंतू तयार होतात आणि हवा आत जाते पण नीट बाहेर पडत नाही. याला ब्रॉन्किओलायटिस ऑब्लिटरन्स म्हणतात. तो बहुधा ट्रान्सप्लान्टनंतरच्या पहिल्या दोन वर्षांत सुरू होतो. एक्स-रेमध्ये फुप्फुसे काळी, स्वच्छ, कधी तर जरा जास्तच फुगलेली दिसतात, म्हणूनच दोनदा नॉर्मल रिपोर्ट आला तरी मन निर्धास्त करू नये. कोरडे डोळे आणि दम ही जोडी तुम्ही एकाच वाक्यात लिहिलीत, ते फार बरे झाले. कारण ही दोन दुखणी वेगवेगळ्या डॉक्टरांकडे गेली की त्यांचा संबंध कुणाच्याच ध्यानात येत नाही.

स्पायरोमेट्रीत जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, ते मोजतात. ट्रान्सप्लान्टपूर्वी तिची ही तपासणी झालेली असणार, तो आकडा शोधून काढा, कारण आजचा आकडा त्याच्याशी ताडून पाहायचा असतो. वयाच्या आणि उंचीच्या मानाने अपेक्षित क्षमतेच्या ७५ टक्क्यांखाली तो गेला असेल आणि आधीच्या तुलनेत १० टक्के किंवा त्याहून अधिक घसरला असेल, तर या आजाराचा दाट संशय घेतात. सोबत सी.टी. स्कॅन लागतो, आणि तो श्वास आत घेऊन व बाहेर सोडून असा दोनदा काढायचा असतो. कोंडलेली हवा श्वास सोडलेल्या चित्रातच दिसते. पहिल्या पत्रातल्या आईंना मी सी.टी. नको म्हटले आणि तुम्हाला हवा म्हणते, यात विसंगती नाही. दोन मुलांना मिळालेले उपचार वेगळे, म्हणून धोकाही वेगळा. तिला ट्रान्सप्लान्टपूर्वी बुसल्फान किंवा सर्वांगाला किरणे दिली असतील, तर त्यांच्यामुळेही फुप्फुसे आखडू शकतात आणि तो निराळा आजार होय. त्यासाठी वायू रक्तात किती सहज मिसळतो, हे पाहणारी डी.एल.सी.ओ. तपासणी असते.

उपचारांबद्दल स्पष्ट बोलणे बरे. बंद झालेल्या नलिका पुन्हा उघडत नाहीत, घसरण थांबवता येते. त्यासाठी इनहेलरमधून स्टेरॉइड, ॲझिथ्रोमायसिन आणि मॉन्टेलुकास्ट यांचा एकत्रित उपयोग करतात, आणि गरजेप्रमाणे प्रतिकारशक्ती आवरणारी इतर औषधे देतात. यातले ॲझिथ्रोमायसिन मेडिकलच्या दुकानातून आपणहून आणून देऊ नका. हा आजार टाळण्यासाठी म्हणून ट्रान्सप्लान्टच्या वेळेपासूनच ते दिलेल्या रुग्णांत कर्करोग उलटण्याचे प्रमाण वाढलेले आढळले, आणि अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१८ मध्ये तसा इशारा दिला. आजार झाल्यावर ते द्यायचे की नाही, हा तोलून घ्यायचा निर्णय आहे. आणखी एक : ट्रान्सप्लान्टनंतर आधीच्या लसींचे संरक्षण बरेचसे पुसले जाते, त्यामुळे न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जंतूवरील लसीपासून सगळ्या लसी पुन्हा ठरावीक क्रमाने घ्याव्या लागतात. त्या झाल्या आहेत का, हे याच भेटीत विचारा.

प्रश्न : मी १९ वर्षांचा असून इंदूरला कॉलेजात शिकतो. सहाव्या वर्षी ल्युकेमिया झाला होता, फक्त केमोथेरपी झाली, किरणे दिली नाहीत. मला पोलीस भरतीसाठी धावण्याचा सराव करायचा आहे. आई नको म्हणते. माझी फुप्फुसे तपासून घ्यावी का?
— एक विद्यार्थी, इंदूर

उत्तर : सराव जरूर करा. त्याआधी एकदा इको करून घ्या, कारण तुमच्या बाबतीत फुप्फुसांपेक्षा हृदयाचा प्रश्न मोठा आहे, आणि लाल औषधाची एकूण मात्रा किती दिली होती ते जुन्या कागदांत पाहा. स्पायरोमेट्रीही एकदा करून ठेवायला हरकत नाही, ती नॉर्मल आली तर केवळ ल्युकेमिया होऊन गेला म्हणून दरवर्षी करण्याची गरज नसते. पहिले काही आठवडे चालणे आणि मधूनमधून धावणे असे करत अंतर वाढवा. छातीत दुखले, चक्कर आली किंवा धडधड थांबेना, तर सराव थांबवून दाखवायला या.

सिगारेट, हुक्का आणि ई-सिगारेट यांना हात लावू नका. ई-सिगारेटच्या विक्रीवर भारतात २०१९ पासून बंदी आहे, तरी कॉलेजांच्या आसपास ती मिळते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. इतर मुलांची फुप्फुसे काही वर्षे ती सोसतीलही, पण तुमच्या फुप्फुसांनी आणि हृदयाने सहाव्या वर्षीच बरेच सोसले आहे. आईंना सांगा की इकोचा रिपोर्ट आला, की तो घेऊन त्यांनीही तुमच्यासोबत यावे.